वाटाण्याचा दाणा आणि मनाची उघाडी

आमच्या उरणला पावसाळ्यात एक शब्द वारंवार कानावर पडतो. उघाडी. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून जो बांध घालतात, त्याच्या पोटात पाणी जाण्यायेण्यासाठी एक तोंड ठेवलेलं असतं, ती उघाडी. ओहोटीला तिची दारं उघडतात, शेतातलं साचलेलं पाणी खाडीत जातं. भरतीला दारं आपोआप मिटतात. व्यवस्था साधी, पण पिढ्यान् पिढ्या टिकलेली. मात्र एखाद्या वर्षी उघाडीच्या तोंडाशी गाळ बसतो आणि मग कितीही ओहोटी आली तरी पाणी हलत नाही. नवखा माणूस म्हणेल, बांधच फोडा. जाणता शेतकरी तसं करत नाही. तो गुडघाभर चिखलात उतरतो, हातांनी गाळ काढू लागतो. बांध फोडला तर पाणी जाईल खरं, पण भरतीबरोबर समुद्र घरात येईल, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

हे सगळं आठवायचं कारण माझ्या स्वतःच्या मनाचीही गेली दोन वर्षं तीच गत झाली होती. मी इथल्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो. आळीच्या गणपतीच्या देखाव्यामागचा पडदा मी तीस-बत्तीस वर्षं रंगवत आलो. कधी घारापुरीची लेणी, कधी रायगड, कधी करंजाच्या होड्या. दोन वर्षांपूर्वी सौभाग्यवती गेली आणि हात थांबला. पहिल्या वर्षी कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या वर्षीही पोरांनी समजून घेतलं. यंदा मात्र जूनमध्येच मंडळाची दोन मुलं घरी आली. देखावा चिरनेरच्या जंगल सत्याग्रहाचा करायचा ठरला होता. २५ सप्टेंबर १९३० ला अक्कादेवीच्या माळावर गोळीबार झाला आणि आमच्या या भागातली साधी कष्टकरी माणसं हुतात्मा झाली, तो प्रसंग. मुलं अदबीनं म्हणाली की, काका, जमत असेल तर पडदा तुमचाच. नाहीतर फ्लेक्स छापून आणू, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी हो म्हणालो. कापड आणलं, चौकटीवर ताणलं, खळ देऊन पांढरा हात मारला. आणि रोज सकाळी त्या पांढऱ्या कापडासमोर बसून दुपारी उठू लागलो. एक रेघ उमटेना.

अशाच एका दिवशी मुंबईला जायला निघालो होतो. आता अटल सेतू झाला, जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकलही आली, तरी माझी जुनी सवय मोरा बंदरावरून लाँचने भाऊच्या धक्क्याला जायची. समुद्र खवळला होता, लाँच बंद. धक्क्यावरच्या टपरीत चहा घेऊन पिशवीतलं पुस्तक काढलं. दादासाहेब फाळके यांचं चरित्र. समोर पावसाच्या पडद्याआड घारापुरीचं बेट पुसट दिसत होतं. वेळ काढायला म्हणून वाचायला घेतलं आणि संध्याकाळपर्यंत ते पुस्तक खाली ठेवता आलं नाही. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. मला मात्र त्या दिवशी निराळेच फाळके भेटले. वारंवार अडलेला, तुंबलेला आणि पुन्हा वाहू लागलेला माणूस.

अर्धवट सुटलेल्या विद्या

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. मुलानेही पोथ्या उघडाव्यात, अशी त्या काळातल्या कोणत्याही शास्त्र्याच्या घरची अपेक्षा असणार. मुलगा वळला रंगांकडे. १८८५ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी नाव घातलं. तिथून बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे चित्रकला झाली, मूर्तिकाम झालं, वास्तुकलेचा अभ्यास झाला. मग छायाचित्रणाचा नाद लागला. प्राचार्य गज्जर यांनी या मुलातली चमक ओळखली आणि छपाईचे ठसे करण्याची विद्या शिकायला त्यांना रतलामला पाठवलं. पुढे केव्हातरी एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखीही शिकले.

एखाद्या मध्यमवर्गीय घरात असा मुलगा असता तर काय बोलणी खाल्ली असती, याची कल्पना करा. एक धड नाही, दहा धरतो आणि दहा सोडतो. नातेवाइकांनी लग्नकार्यात हळूच विचारलं असतं, धुंडिराज सध्या काय करतो?

गोध्र्याला त्यांनी फोटोग्राफीचा व्यवसाय थाटला. प्लेगचा काळ होता. त्या साथीत त्यांची पहिली पत्नी गेली, मूलही गेलं. संसार एका झटक्यात रिकामा झाला. गोध्रा सोडून ते बडोद्याला परतले, पुन्हा कॅमेरा मांडला, तर लोकांत भलतीच समजूत पसरली, की हे यंत्र माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतं. गिऱ्हाईक फिरकेना. धंदा बसला.

धक्क्यावर बसून हे वाचताना मी पुस्तक मिटून काही वेळ पाण्याकडे बघत राहिलो. घरातलं माणूस गेल्यावर ज्या वस्तूंवर आपलं पोट, आपलं नाव उभं असतं, त्याच परक्या वाटू लागतात. माझे ब्रश मला तसेच वाटत होते.

फाळके यांनी १९०२ साली पुन्हा संसार मांडला. या दुसऱ्या पत्नी म्हणजे सरस्वतीबाई. पुढच्या साऱ्या कहाणीत या बाईंचं नाव आपण जितकं घ्यायला हवं तितकं घेत नाही. काही काळ पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि नकाशे काढणारे म्हणून फाळक्यांनी सरकारी नोकरी केली. वंगभंगाच्या चळवळीचे दिवस होते. नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्याला छपाईचा कारखाना काढला. राजा रविवर्म्यांच्या देवादिकांच्या चित्रांच्या छपाईचं काम त्यांच्या हातून झालं. कारखाना पुढे दादरला आला, नावारूपाला आला. १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रसामग्री बघायला ते जर्मनीलाही जाऊन आले. सगळं मार्गी लागलं म्हणावं, तोच भागीदारांशी बिनसलं आणि स्वतः उभं केलेल्या कारखान्यातून फाळके रिकाम्या हातांनी बाहेर पडले.

वय चाळीस. पदरी मुलंबाळं. पुन्हा छपाईच काढा म्हणून भांडवल देणारे भेटले, असं सांगतात. पण मन उठलं होतं. हाताला सतरा विद्या आणि समोर एकही वाट नाही. मनाची कोंडी म्हणतात ती हीच. बुद्धी कमी पडते म्हणून ती होत नाही. पुष्कळदा आत फार साचलेलं असतं आणि बाहेर पडायचं तोंडच बुजलेलं असतं.

अंधाऱ्या तंबूतला उजेड

अशा रिकाम्या दिवसांत, १९१०-११ च्या सुमारास, गिरगावातल्या एका तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचं चरित्र चाललेलं आणि यांच्या डोळ्यांपुढे मात्र कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या. ही हकिगत त्यांनी स्वतः पुढे ‘नवयुग’ मासिकात लिहिली. दुसऱ्या खेळाला सरस्वतीबाईंना बरोबर घेऊन गेले. घरात पैशांची चणचण होती, पण तिकिटं काढली.

वरवर पाहता हा एका क्षणाचा साक्षात्कार. पण थोडं थांबून बघा. त्या तंबूत बसलेल्या इतर माणसांनीही तेच चित्र पाहिलं होतं. त्यांना कृष्ण का दिसला नाही? मला वाटतं, याचं उत्तर त्या अर्धवट सुटलेल्या विद्यांत आहे. चित्रपटाला काय लागतं? चित्र हवं, ते ते शिकले होते. देखावे उभारायला वास्तुकला आणि मूर्तिकाम हवं, ते येत होतं. कॅमेरा, रसायनं, अंधारी खोली, सगळं हातातलं होतं. देव प्रकट व्हायला आणि अदृश्य व्हायला जादू लागते, तीही ठाऊक होती. आणि देवांचे चेहरेमोहरे रविवर्म्यांच्या चित्रांची छपाई करताना रोज नजरेखालून गेले होते. ज्या ज्या विद्या वाया गेल्या असं जग म्हणत होतं, त्या आत एकावर एक साचून बसल्या होत्या. तंबूतल्या त्या उजेडाने उघाडीचं दार हललं, एवढंच.

मग मात्र ते झपाटले. मिळेल तो चित्रपट बघायचा, मिळेल ती माहिती वाचायची, रात्री जागून प्रयोग करायचे. झोप नाहीशी झाली. परिणाम व्हायचा तोच झाला. डोळे गेले. काही काळ त्यांना दिसेनासं झालं. ज्या माणसाला जगाला चित्रं दाखवायची होती, त्यालाच अंधारात बसावं लागलं. डॉ. प्रभाकर नावाच्या डॉक्टरांच्या उपचारांनी आणि एकामागून एक चष्म्यांनी दृष्टी परत आली.

कल्पना सुचली की झोकून द्यावं, असा उपदेश आपण तरुणांना करतो. फाळक्यांची ही हकिगतही सांगावी. गाळ काढायचा सोडून बांधावरच कुदळ घातली तर काय होतं, ते यात आहे.

रोज एक चित्र

१९१२ च्या फेब्रुवारीत विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले. ओळख ना पाळख. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांच्या कचेरीत जाऊन उभे राहिले. त्या गृहस्थांनी आधी या धंद्याच्या खस्ता सांगून परावृत्त करायचा प्रयत्न केला, पण माणसाची जिद्द पाहून मदतही केली. त्यांच्या ओळखीने हेपवर्थ या नामांकित निर्मात्याच्या स्टुडिओत चित्रपट कसा होतो ते पाहता आलं. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन फाळके परतले.

आता कॅमेरा होता, पण भांडवल नव्हतं. पडद्यावर हलणारी चित्रं हा भारतीय माणूस करू शकेल, यावर पैसेवाल्यांचा विश्वास बसेना. अशा वेळी कोणीही घरोघर जाऊन मोठमोठ्या योजना समजावत बसला असता. फाळके यांनी कुंडीत एक वाटाणा पेरला.

त्या कुंडीसमोर कॅमेरा लावला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत गेले. आज एक चित्र, उद्या एक. महिना उलटून गेला. माती फुगली, कोंब वर आला, पानं फुटली, वेल चढला. ती सगळी चित्रं सलग पडद्यावर दाखवली तेव्हा महिन्याभराची वाढ मिनिटभरात डोळ्यांदेखत झाली. बी टरारून वर येतंय आणि वेल झुलतोय, हे पाहून मंडळी थक्क झाली. छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी कर्ज द्यायला पुढे आले. उरलेली तूट सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी भरून निघाली.

मला विचाराल तर फाळके यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं चित्र ‘राजा हरिश्चंद्र’ नव्हे, हा वाटाणा आहे. समोर डोंगराएवढं काम होतं. पैसे नव्हते, माणसं नव्हती, अनुभव नव्हता. त्या माणसाने काम इतकं लहान केलं की ते कुंडीत मावलं. रोजचा वाटा इतका थोडा ठेवला की टाळायला सबबच उरू नये. आणि घाई करायची सोयच नव्हती. वाटाण्याला कोणी घाई करू शकत नाही.

त्यानंतरची हकिगत आपल्याला माहीत आहे. दादरच्या राहत्या जागेतच कारखाना झाला. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, जिथे नाचगाणं करणाऱ्या बायका राहतात तिथूनही नकार आला. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे साळुंके तारामती झाले. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र, घरचा मुलगा भालचंद्र रोहिदास. सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करत, उन्हात पांढऱ्या चादरी धरून चेहऱ्यांवर उजेड पाडत, आणि रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोकं पाडायचं आणि ती धुवायचं काम करत. सुमारे ३,७०० फूट लांबीचा हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांपुढे आला आणि या देशात एका नव्या कलेने मूळ धरलं.

काशीतलं मौन

एकदा मोकळा झालेला झरा कायमचा मोकळा राहतो, असं मात्र नाही. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, मग १९१७ चा ‘लंका दहन’. यश मागून आलं. १९१८ साली भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि ‘कालिया मर्दन’ यांत लेक मंदाकिनी बाळकृष्ण झाली आणि घराघरांत पोचली. पण खर्चावरून, कामाच्या पद्धतीवरून भागीदारांशी खटके उडू लागले. छपाई कारखान्यातलीच कहाणी पुन्हा. वैतागून फाळके सगळं सोडून सहकुटुंब काशीला निघून गेले. तिथे ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं. पुढे १९२२ साली ते रंगमंचावर आलं, पण चाललं नाही.

काशीत असताना ‘संदेश’कार अच्युत बळवंत कोल्हटकर यांनी परत या म्हणून त्यांना पत्र घातलं. चित्रपटाच्या जगापुरता आपण मेलो आहोत, अशा आशयाचं उत्तर आलं. कोल्हटकर खट्याळ संपादक. त्यांनी दादासाहेब फाळके वारले, अशा मथळ्याखाली ते प्रकरण छापून टाकलं. मग काय विचारता! वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला. कोणी हळहळलं, कोणी परत यायची गळ घातली. कोल्हटकरांनी ती पत्रं काशीला पोचवली. जिवंतपणी स्वतःविषयीचा लोकांचा जिव्हाळा वाचायचं भाग्य कितीजणांना लाभतं? फाळके नाशिकला परतले आणि पुन्हा कामाला लागले.

ही कोंडी वाटाण्याने फुटली नसती. पहिल्या वेळी तोंडाशी गाळ होता तो दिशा न सापडण्याचा; तो नवं काही पाहिल्याने गेला. दुसऱ्या वेळी कामाच्या आकाराची धास्ती होती. ती काम लहान केल्याने गेली. तिसऱ्या वेळी साचला होता तो राग आणि दुखावलेपण. ते एकांतात निवळलं नाही, उलट घट्ट झालं. ते धुऊन निघालं माणसांच्या ओलाव्याने.

आणि एक कोंडी अशीही आली, जी पुरती फुटली नाही. १९३१ साली बोलपट आला. मूकपटाच्या भाषेत विचार करणाऱ्या या कलावंताच्या पायाखालची वाळूच सरकली. ‘सेतुबंधन’ मूक केला होता, त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, कोल्हापुरात त्यांनी ‘गंगावतरण’ हा आपला एकमेव बोलपट केला. त्यानंतर काम मिळालं नाही. नव्वदहून अधिक चित्रपट करणारा हा माणूस १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला गेला, तेव्हा त्याने उभ्या केलेल्या धंद्याला त्याची फारशी आठवण राहिली नव्हती. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू व्हायला १९६९ साल उजाडावं लागलं. चरित्रं सांगताना हा भाग आपण झटकन उरकतो. मला तो सांगावासा वाटतो, कारण प्रत्येक वेळी दार उघडेलच, अशी हमी कोणाला देता येत नाही.

आमच्या घरातला वाल

त्या संध्याकाळी मोऱ्याहून घरी आलो, तर नात ओट्याशी खुडबुड करत होती. शाळेत बीज रुजवून आणायला सांगितलं होतं. तिने डबे हुडकून मूठभर कडवे वाल काढले होते. आमच्या रायगडातल्या घरांत वाल म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. सौभाग्यवती असताना आठवड्यातून एकदा तरी वाल भिजत पडायचे, फडक्यात बांधले जायचे, मोड आले की दोघी-तिघी सोलायला बसायच्या आणि दुसऱ्या दिवशी बिरडं. ती गेल्यापासून त्या डब्याला कोणी हात लावला नव्हता. दोन वर्षांत प्रथमच वाल पाण्यात पडले होते.

एका जुन्या कपात माती घालून आम्ही आजोबा-नातीने दाणा पेरला. मी तिला फाळक्यांच्या वाटाण्याची गोष्ट सांगितली. तिने लगेच फर्मावलं की, आपल्याकडे कॅमेऱ्याची गरज नाही, आजोबांनी रोज एक चित्र काढायचं. मोबाइलवर रोज फोटो काढता येईल, असं म्हणून मी अंग काढून घ्यायला पाहिलं. ते तिला मान्य नव्हतं. तिच्या वहीचं एक पान, एक पेन्सिल, रोज एकच चित्र, शाळेत जाण्यापूर्वी.

पहिल्या तीन दिवसांत कप आणि माती. यात चित्रकलेचा अपमान होण्यासारखंही काही नव्हतं. चौथ्या दिवशी माती तडकली. पाचव्या दिवशी वाकलेली मान दिसली. मग दोन दळांमधून पानं सुटली. अकराव्या दिवशी नात शाळेत निघून गेली, तरी मी पानाच्या शिरा काढत बसलो होतो. कधी तास गेला कळलं नाही. हात थरथरत होता, तो थांबला होता, हेही नंतर लक्षात आलं.

विसाव्या दिवशी मी पांढऱ्या कापडासमोर उभा राहिलो. चिरनेरचा संपूर्ण प्रसंग, ती गर्दी, तो धूर, ती झाडी माझ्या डोळ्यांपुढे अजूनही नव्हती. मी ती शोधलीही नाही. खालच्या उजव्या कोपऱ्यात जंगलातलं एक पान काढलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी दुसरं. तिसऱ्या दिवशी फांदी.

हे लिहितो आहे तेव्हा गणपतीला सव्वा महिना आहे. पडद्यावर अर्धं जंगल झालं आहे, माणसं यायची आहेत. मंडळाची मुलं काल डोकावून गेली. फ्लेक्सचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. पडदा पुरा होईल का, मला सांगता येत नाही. उद्या सकाळी एक पान काढायचं आहे, एवढं मात्र ठरलेलं आहे. आणि सूनबाईंनी काल रात्री, कोणी न सांगता, पातेलंभर वाल भिजत घातले आहेत.